कॉलेजच्या खेळाडूला अटक होते, तेव्हा गावाचं जेवण का जातं?

गेल्या वर्षी ऑक्टोबरात एका रात्री साडेअकराला माझ्या आत्येभावाचा फोन आला. त्याची मुलगी टेक्सासमधल्या एका विद्यापीठात एमएस करते. तिच्याशी नुकतंच बोलणं झालं होतं आणि तो पुरता गोंधळला होता. तिच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या एका मुलाला अमली पदार्थ सापडल्यावरून पोलिसांनी पकडलं होतं. तिच्या घरात राहणाऱ्या चारही मुली दिवसभर त्याच विषयावर. एक रडत होती, एक संतापली होती, तिसरीचं ठाम मत की पोलिसांनी पोराला गोवलंय. आणि माझी पुतणी न जेवता झोपायला गेली. "अरे, त्या मुलाला ह्या कधी भेटल्यासुद्धा नाहीत," आत्येभाऊ म्हणाला. "मग हिचं जेवण का गेलं?"

मी २०११ ते २०१४ नोकरीनिमित्त लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरात राहिलो. तिथे असंच एक प्रकरण अगदी जवळून पाहिलं. त्या रात्री त्याला फोनवर जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या घरांतली बरीच मुलं आता त्या गावांमध्ये शिकतात आणि ही बातमी दर मोसमात कुठून ना कुठून येतेच.

## हे डोपिंग नव्हे

खेळाडू आणि ड्रग्ज हे शब्द एकत्र आले की आपल्याला आधी उत्तेजकं आठवतात. ताकद वाढवायला घेतलेलं औषध, लघवीची चाचणी, काढून घेतलेलं पदक. तो मामला क्रीडासंस्थेचा असतो, त्यात सहसा बेड्या पडत नाहीत. इथे गोष्ट गांजा, कोकेन किंवा चिठ्ठीशिवाय मिळवलेल्या गोळ्यांची आहे. हे जवळ बाळगणं किंवा विकणं हा फौजदारी गुन्हा, म्हणून दारात पोलीस येतात.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचं नियमन करणारी मुख्य संस्था म्हणजे एनसीएए. तिच्या सर्वांत वरच्या विभागानं जून २०२४मध्ये गांजा आपल्या बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीतून काढून टाकला. गांजा ओढून कुणी जास्त वेगानं धावत नाही, हे मान्य झालं. त्यामुळे आज चित्र असं आहे की चाचणीत गांजाचा अंश सापडला तर एनसीएए त्या मुलाला मैदानात उतरू देईल, आणि तोच गांजा टेक्सासात त्याच्या खिशात सापडला तर पोलीस त्याला गाडीत घालून नेतील. चाहत्यांच्या अर्ध्या भांडणांचं मूळ या विसंगतीत आहे. एक जण क्रीडासंस्थेच्या नियमाबद्दल बोलत असतो, दुसरा राज्याच्या कायद्याबद्दल, आणि दोघांनाही वाटतं समोरचा मुद्दाम वेड पांघरतोय.

## ग्रामदैवताची जत्रा

कॉलेजचा सामना म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा येते. चार बाकडी, शंभर-दोनशे पोरं, एक शिट्टी. बॅटन रूजमधल्या लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे एलएसयूच्या, टायगर स्टेडियमची क्षमता आहे १,०२,३२१. आपल्या वानखेडेत सुमारे ३३ हजार माणसं बसतात. म्हणजे तीन वानखेडे एका जागी, आणि तेही लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास असलेल्या शहरात.

सामना शनिवारी, पण लोक एक-दोन दिवस आधीच मोटारघरं घेऊन येतात. स्टेडियमभोवती हिरवळीवर तंबू पडतात, भल्यामोठ्या काळ्या पातेल्यांत कोळंबी-सॉसेज घातलेला जांबालाया भात शिजत असतो, जांभळे-सोनेरी झेंडे फडकत असतात. मला पहिल्याच शनिवारी आमच्या गावची जत्रा आठवली. पोटासाठी मुंबईला गेलेला माणूस जसा वर्षातून एकदा ग्रामदैवतासाठी गावी येतो, तसे ह्यूस्टन, अटलांटाकडे स्थायिक झालेले माजी विद्यार्थी तिथे येतात. आजोबा शिकले, बाप शिकला, मुलगी शिकते आहे. ज्यांच्या घरातलं कुणीच त्या कॉलेजात गेलेलं नाही, तेही येतात, कारण देव सगळ्या गावाचा असतो.

या देवाची पालखी वाहणारी मुलं १८ ते २२ वर्षांची असतात. १ जुलै २०२१पर्यंत त्यांना स्वतःच्या नावावर एक डॉलरही कमावता येत नव्हता. शिष्यवृत्ती मिळायची. त्यांच्या नंबरच्या जर्सी दुकानात विकल्या जायच्या, त्यातला वाटा त्यांना नाही. आता जाहिरातींचे पैसे मिळतात, आणि २०२५-२६पासून कॉलेजं थेट मानधनही देऊ शकतात, एका कॉलेजानं सगळ्या खेळाडूंना मिळून वर्षाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल.

## सात नंबरची जर्सी

टायरन मॅथ्यू हा न्यू ऑर्लिन्सचा मुलगा. वडील खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात, काका-काकूंनी वाढवलेला. अंगानं फुटबॉलच्या मानानं लहानखुरा, पण चेंडू हिसकावण्यात असा पटाईत की लोकांनी त्याला 'हनी बॅजर', म्हणजे एका छोट्या पण निडर प्राण्याचं नाव घेऊन, म्हणायला सुरुवात केली. २०११च्या मोसमात एलएसयूनं साखळीतला एकही सामना हरला नाही. डिसेंबरात विभागाच्या अंतिम सामन्यात मॅथ्यू सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळणाऱ्या हाइझमन पुरस्काराच्या अंतिम यादीत बचाव करणारे खेळाडू क्वचितच पोचतात. तो पोचला आणि पाचवा आला.

आमच्या शेजारी तेलशुद्धीकरण कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे. त्यांच्याकडे सात नंबरची जांभळी जर्सी होती. ती दर रविवारी सकाळी अंगणातल्या दोरीवर वाळत पडायची, आणि वाळली की ते ती स्वतः इस्त्री करायचे. बायकोला हात लावू द्यायचे नाहीत.

१० ऑगस्ट २०१२ रोजी संघाचे नियम मोडल्याच्या कारणावरून एलएसयूनं मॅथ्यूला संघातून काढलं. आदल्या मोसमातही त्याला एका सामन्यासाठी बाहेर बसवलं होतं, त्यामुळे लोकांना अंदाज होता. तो व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन आला, विद्यार्थी म्हणून परत कॉलेजात बसू लागला. आणि २५ ऑक्टोबर २०१२ रोजी बॅटन रूज पोलिसांनी त्याला एलएसयूच्या आणखी तीन माजी खेळाडूंसह गांजाच्या प्रकरणात अटक केली. त्याच्यावरचा आरोप होता साधा गांजा बाळगल्याचा.

त्या आठवड्यात मी ऑफिसात, केशकर्तनालयात, किराणा दुकानाच्या रांगेत जे ऐकलं, ते अजून कानात आहे. त्याला आम्ही सगळं दिलं आणि त्यानं आमच्या तोंडाला काळं फासलं. बिचाऱ्याच्या डोक्यावर कुणाचा हात नव्हता. तो आता आमचा नाहीच, ऑगस्टातच काढलाय. तीन वाक्यं, आणि तिन्ही त्याच गावातली, कधी कधी त्याच माणसाची. शेजाऱ्यांच्या दोरीवर मात्र रविवारी नुसते टॉवेल.

## अटक म्हणजे नेमकं किती

इथे एक पायरी मागे जाऊ. अटक हा निकाल नाही, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण तिचं वजन नेमकं किती हे फार थोड्यांना माहीत असतं.

अमेरिकेत अटकेसाठी पोलिसांकडे 'गुन्हा झाला असावा असं मानायला वाजवी कारण' असावं लागतं. शिक्षेसाठी सरकारी वकिलाला 'वाजवी शंकेला जागा उरणार नाही' इतकं सिद्ध करावं लागतं. या दोन्हींमधलं अंतर फार मोठं आहे. घरात गोड डब्याभोवती मुंग्या दिसल्या म्हणून आईनं दोन्ही पोरांना समोर उभं केलं, ही झाली अटक. लाडू कुणी खाल्ला हे ठरणं वेगळं. मेरीलँडच्या एका खटल्यात तर हे जवळजवळ असंच घडलं. एका गाडीत कोकेन सापडलं, आत तिघे होते, कुणी कबूल होईना, पोलिसांनी तिघांनाही पकडलं. २००३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ही अटक योग्य ठरवली. तिघेही दोषी आहेत असं न्यायालय म्हणालं नाही. तिघांनाही पकडायला कारण पुरेसं होतं, इतकंच म्हणालं.

अटकेनंतर बोटांचे ठसे घेतात आणि समोरून-बाजूनं फोटो काढतात. हा फोटो बऱ्याच ठिकाणी लगेच लोकांपर्यंत पोचतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. रात्रभर जागलेला, घाबरलेला, विस्कटलेल्या केसांचा विशीतला मुलगा कुणालाही गुन्हेगार वाटेल. पुढे जामीन. मग सरकारी वकील ठरवतो की आरोप ठेवायचा की नाही, ठेवायचा तर कोणता. पहिल्यांदाच सापडलेल्या तरुणाला पुष्कळदा समुपदेशन, चाचण्या, समाजसेवा असा कार्यक्रम पूर्ण करायला सांगतात आणि तो केला की खटला मागे घेतात.

मुंबईत ऑक्टोबर २०२१मध्ये क्रूझवरच्या कारवाईतल्या अटकेनं टीव्हीवर जे रान पेटलं होतं, ते आठवा. एका ताऱ्याच्या मुलानं जवळपास चार आठवडे कोठडीत काढले, आणि मे २०२२मध्ये त्याच तपास यंत्रणेनं त्याच्याविरुद्ध आरोपपत्र दाखल केलं नाही. अटकेची बातमी ज्यांनी मन लावून पाहिली, त्यातल्या कितींनी ही दुसरी बातमी तितकीच मन लावून पाहिली?

## बाळगणं, विकणं, आणि एक छोटं वेप पेन

तिथल्या कायद्यात गुन्ह्यांचे दोन मोठे गट आहेत. किरकोळ तो मिसडिमीनर, गंभीर ती फेलनी. फेलनी एकदा नावावर लागली की नोकरी, घर, काही राज्यांत मतदानाचा हक्क, सगळ्यावर सावट येतं.

टेक्सासात दोन औंसांपर्यंत, म्हणजे सुमारे ५६ ग्रॅमपर्यंत, सुका गांजा सापडला तर तो मिसडिमीनर. जास्तीत जास्त १८० दिवस कैद आणि २,००० डॉलर दंड. पण गांजाचा अर्क भरलेलं वेप पेन, म्हणजे अर्काची वाफ ओढायची छोटी नळी, सापडलं, तर अर्क एक ग्रॅमपेक्षा कमी असला तरी ती फेलनी, आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पिशवीभर पाल्याला कमी शिक्षा आणि लिपस्टिकएवढ्या नळीला जास्त, हे ऐकून माझा आत्येभाऊ फोनवर गप्पच झाला. आपल्या अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्यातही असा फरक आहे: गांजाचं 'अल्प प्रमाण' एक किलोपर्यंत, पण चरसाचं फक्त १०० ग्रॅमपर्यंत. अर्क दाट, म्हणून नियम कडक.

विकणं ही आणखी वेगळी गोष्ट. फेब्रुवारी २०१२मध्ये टेक्सासातल्या फोर्ट वर्थ शहरात टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीच्या परिसरात काही महिने साध्या वेशात पाळत ठेवून पोलिसांनी डझनाहून अधिक विद्यार्थी पकडले. त्यात फुटबॉल संघातले चार होते. पोलिसांच्या कागदपत्रांत एक ओळ अशी होती की एका खेळाडूनं साध्या वेशातल्या पोलिसाजवळ फुशारकी मारली, आमच्या संघातले साठेक जण चाचणीत नापास होतील. ती ओळ देशभर छापून आली आणि सगळा संघ बदनाम झाला. चाचणीचे निकाल नंतर बाहेर आले, तेव्हा नापासांची संख्या पाच निघाली.

म्हणून अशी बातमी आली की आधी आरोपाचं नाव वाचावं. 'ड्रग्ज प्रकरणात अटक' या तीन शब्दांत खिशातल्या एका सिगारेटपासून किलोभर कोकेनच्या धंद्यापर्यंत काहीही मावतं.

## कोर्टानं सोडलं, मग संघानं का काढलं?

हा प्रश्न चाहते नेहमी विचारतात, आणि त्याचं उत्तर मराठी माणसाला समजावणं सर्वांत सोपं आहे. सरकारी नोकरीत फौजदारी खटला वेगळा आणि विभागीय चौकशी वेगळी. कर्मचारी ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला की निलंबित धरला जातो, खटला मग कितीही वर्षं चालो. कोर्टात निर्दोष सुटूनही खात्यानं दोषी धरलेली माणसं आपल्या ओळखीत असतात.

तिथे अशी तीन दारं आहेत. कोर्ट, कॉलेजची शिस्तपालन समिती, आणि संघाचा प्रशिक्षक. कॉलेजची समिती सहसा एवढंच पाहते की आरोप खरा असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे का. प्रशिक्षकाला तर तेवढंही बघावं लागत नाही, संघाचा नियम मोडला एवढं पुरतं. मॅथ्यूच्या बाबतीत क्रम उलटा होता: संघानं आधी काढलं, पोलीस अडीच महिन्यांनी आले.

या तिसऱ्या दारातच खरी मेख आहे. मोसमाच्या तोंडावर राखीव खेळाडूला पकडलं तर हकालपट्टी पटकन होते, आणि मुख्य खेळाडूला पकडलं तर 'कायद्याला त्याचं काम करू द्या' असं ऐकू येतं, अशी चाहत्यांची जुनी तक्रार आहे. ती अनेकदा रास्त असते. पण एलएसयूनं देशातला एक सर्वोत्तम खेळाडू मोसम सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी काढला, हेही खरं आहे.

## 'आपण' जिंकलो, 'ते' हरले

आता पुतणीच्या जेवणाकडे.

१९७०च्या दशकात रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. सात विद्यापीठांत सोमवारी वर्गात किती मुलं कॉलेजचं नाव-चिन्ह असलेले कपडे घालून येतात हे मोजलं. शनिवारी संघ जिंकला असेल तर सोमवारी असे कपडे जास्त दिसले. त्या सातांत एलएसयूसुद्धा होतं. मग त्यांनी विद्यार्थ्यांना फोन करून सामन्याबद्दल विचारलं. जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना मुलं 'आपण जिंकलो' म्हणत, हरलेल्याबद्दल 'ते हरले'. ज्यांना फोनवर आधी एका छोट्या चाचणीत कमी गुण मिळाल्याचं सांगितलं होतं, त्यांच्यात हा फरक जास्त ठळक होता. स्वतःची बाजू पडती असली की माणूस जिंकणाऱ्याला घट्ट धरतो.

हे वाचलं तेव्हा मला शेजाऱ्यांची दोरी दिसली. जर्सी घालणं म्हणजे त्या मुलाच्या पराक्रमातला थोडा हिस्सा आपल्या अंगावर चढवणं. मग त्याला बेड्या पडल्या की त्या कपड्यासकट बदनामीही अंगावर येते. तो कपडा उतरवायचा की बेडीच खोटी आहे म्हणायचं, एवढाच पर्याय उरतो. पुतणीच्या घरातल्या चौघींनी आपापला पर्याय निवडला होता. एकीनं चिडून कपडा उतरवला, एकीनं बेडी खोटी ठरवली, आणि उरलेल्या दोघींना दोन्ही जमेना, म्हणून एक रडत होती आणि एक जेवली नव्हती.

बेडी खोटी ठरवणारी मुलगी खोटं बोलत नसते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. १९५१मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन कॉलेजांत एक फार धसमुसळा सामना झाला. नंतर दोन संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची तीच फिल्म दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या मुलांना दिसले. फिल्म एकच, डोळेही धडधाकट. आपलं माणूस पाहताना नजरच वेगळी पडते. सुनेच्या आणि लेकीच्या एकाच चुकीला आपण कोणती नावं देतो, ते आठवलं तरी पुरे.

बचावाचेही दोन प्रकार आहेत. एक, 'त्यानं काही वाईट केलंच नाही'. दुसरा, 'केलं ते वाईटच, पण खेळाडू म्हणून तो थोरच'. दुसऱ्या प्रकारावर २०१३मध्ये एक चांगला अभ्यास झाला. माणसांना तो जास्त सोयीचा वाटतो, कारण त्यात चुकीला बरोबर म्हणावं लागत नाही, नुसते दोन कप्पे करावे लागतात. मला स्वतःला हा दुसरा मार्ग प्रामाणिक वाटतो. पण अट एकच: समोरच्या संघाच्या खेळाडूलाही तेच दोन कप्पे द्यायचे.

## आपला शब्द, त्यांची शिवी

प्रतिस्पर्धी संघाचे चाहते काय म्हणतात हे टाळून पुढे जाता येणार नाही. अटक झालेला मुलगा कृष्णवर्णीय असेल, आणि मोठ्या फुटबॉल संघांत बरेच खेळाडू कृष्णवर्णीय असतात, तर एक शब्द हमखास ऐकू येतो: 'थग'. हा आपलाच 'ठग'. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी हिंदी-मराठीतून नेलेला, वाटसरूंना फसवून लुटणाऱ्यांसाठीचा शब्द. अमेरिकेत तो आता विशिष्ट रंगाच्या तरुणांना चिकटवला जातो. २०१४मध्ये रिचर्ड शर्मन या नामवंत खेळाडूनं जाहीरपणे सांगितलं की ज्या वंशवाचक शिवीवर आता बंदी आहे, तिच्या जागी लोक हा शब्द वापरतात.

यात आकड्यांचाही भाग आहे. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांच्या संस्थेनं २०१३मध्ये देशभरातली आकडेवारी मांडली. गांजा वापरण्याचं प्रमाण गोऱ्या आणि कृष्णवर्णीय दोन्ही समाजांत जवळजवळ सारखं, पण गांजा बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता कृष्णवर्णीयांची गोऱ्यांच्या सुमारे ३.७ पट. म्हणजे अटकेची बातमी कुणाची येते, हे कोण गांजा ओढतो यावरच नव्हे, तर पोलीस कुणाची गाडी थांबवतात यावरही ठरतं.

## "पण कायदा मोडलाय ना?"

मोडला असेल तर मोडलाय. मी गांजाची वकिली करत नाही. विशीच्या आतबाहेरच्या मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि व्यसन लागलेली घरं मी पाहिली आहेत. शिवाय आता पैसे मिळतात, मग जबाबदारीही घ्या, हा नवा युक्तिवाद मला काही अंशी पटतो. पूर्वी जो फुकट खेळणारा पोरगा होता, तो आता कमावता आहे.

फक्त कायदा हा डोंगरासारखा जागच्या जागी उभा नसतो, हे ध्यानात घ्यावं. २०१२मध्ये लुइझियानात पहिल्यांदा गांजा बाळगताना सापडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकायची, आणि तिसऱ्यांदा सापडलं तर वीस वर्षांपर्यंत. १ ऑगस्ट २०२१पासून त्याच राज्यात १४ ग्रॅमपर्यंतच्या गांजाला फक्त १०० डॉलरपर्यंत दंड आहे, कैद नाही. ज्या शहरात चार मुलांच्या गांजाची बातमी देशभर गाजली, तिथे आज तेवढ्याशा पुडीला जवळजवळ पावती फाडून सोडतात.

मॅथ्यू २०१३मध्ये व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत तिसऱ्या फेरीत, ६९व्या क्रमांकावर निवडला गेला. गांजाच्या सवयीबद्दल तो नंतर मोकळेपणानं बोलला. फेब्रुवारी २०२०मध्ये कॅन्सस सिटीकडून तो सुपर बोल, म्हणजे त्या लीगचा अंतिम सामना, जिंकला. दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या शेजाऱ्यांनी मला फोटो पाठवला. अंगात तीच जांभळी सात नंबरची जर्सी, छातीवर घड्यांच्या आडव्या-उभ्या रेषा. साडेसात वर्षांत ती फेकली नव्हती, आणि या वेळी इस्त्री करायलाही थांबले नव्हते.

## चाहत्यांच्या दुःखातून निघालेला कायदा

ही प्रतिक्रिया घराघरापुरती राहते असं मात्र समजू नका. १७ जून १९८६ रोजी मेरीलँड विद्यापीठाच्या लेन बायस या बास्केटबॉलपटूला बॉस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघानं नव्या खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. दोन दिवसांनी, १९ जूनला, कोकेनमुळे तो गेला. बावीस वर्षांचा होता. बॉस्टनमध्ये सुतक पडलं. त्या वेळी अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे सभापती टिप ओनील हे त्याच भागातले. जुलैच्या सुट्टीत मतदारसंघात गेले तर जो तो बायसबद्दलच बोलत होता. परत येऊन त्यांनी अमली पदार्थविरोधी कायद्याचा असा सपाटा लावला की २७ ऑक्टोबर १९८६ रोजी, म्हणजे मृत्यूनंतर सुमारे चार महिन्यांत, त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली.

त्या कायद्यानं किमान शिक्षा ठरवून दिली, म्हणजे न्यायाधीशाला दया दाखवायची मुभाच ठेवली नाही. गरीब वस्त्यांत खड्याच्या रूपात विकलं जाणारं 'क्रॅक' कोकेन ५ ग्रॅम विकताना किंवा विकायला बाळगताना सापडलं तर किमान पाच वर्षं. पूड कोकेनला तेवढ्याच शिक्षेसाठी ५०० ग्रॅम लागत. पदार्थ मुळात एकच, तफावत शंभर पट. पुढची चोवीस वर्षं हजारो तरुण, बहुतेक कृष्णवर्णीय, या हिशेबानं तुरुंगात गेले. २०१०मध्ये ही तफावत अठरा पटींवर आणली, पुरती मिटवली नाही. बायसच्या मृत्यूवर रडलेल्यांपैकी कुणाच्याही मनात हे नव्हतं, याची मला खात्री आहे.

## आपल्या मुलांचं काय

आत्येभावाचा शेवटचा प्रश्न हा होता, आणि तो खरं तर पहिला असायला हवा होता. अमेरिकी नागरिक असलेल्या खेळाडूला जे प्रकरण दंडावर निभावतं, ते व्हिसावर असलेल्या विद्यार्थ्याला देशाबाहेर काढू शकतं. राज्यानं गांजाला मोकळीक दिली असली तरी केंद्राच्या कायद्यात तो नियंत्रित पदार्थ आहे, आणि व्हिसा केंद्राच्या हातात असतो. स्वतःसाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा, तोही एकदाच, एवढ्याच दोषाला हद्दपारीतून सूट आहे. तीही देशात असेपर्यंत. सुट्टीत घरी येऊन परत जाताना विमानतळावर त्याच कारणानं अडवता येतं. आणखी एक खाच अशी की गुन्हा कबूल करून समुपदेशनाचा कार्यक्रम घेतला, कोर्टानं खटला मिटवला, तरी स्थलांतर कायदा ती कबुली दोषसिद्धी म्हणून धरू शकतो. परदेशी आरोपीला हे परिणाम समजावून सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१०मध्ये गांजाच्याच एका खटल्यात सांगितलं. म्हणून पोलिसांसमोर किंवा कोर्टात काहीही कबूल करण्याआधी स्थलांतराचा कायदा जाणणाऱ्या वकिलाशी बोलायचं.

आत्येभाऊ म्हणाला, पण तिचा याच्याशी काय संबंध, ती कुठे काय करते. मी म्हटलं, ती नाही करत, पण घरात चौघी आहेत आणि गाडी एकच आहे. विचार तिला.

त्यानं त्याच रात्री पुन्हा फोन लावला. बाहेरच्या खोलीत टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये एकीचं वेप पेन होतं, अर्कानं अर्धं भरलेलं. दिवसभर त्या खेळाडूच्या आरोपावर वाद घालून झाला होता, पण टेक्सासात ती नळी म्हणजे फेलनी आहे, हे चौघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं.